आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट

आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट हे हृद्‌शूलावरील, म्हणजे हृदयस्नायूला रक्तपुरवठा अपुरा पडल्याने छातीत उठणाऱ्या कळेवरील, नायट्रेट वर्गातील औषध आहे. भारतात ते ‘सॉर्बिट्रेट’ या व्यापारी नावाने, तर घरोघरी ‘जिभेखालची गोळी’ म्हणून परिचित आहे.

इतिहास

या वर्गातील मूळ औषध नायट्रोग्लिसरीन होय. आस्कानियो सोब्रेरो यांनी ते १८४७ मध्ये तयार केले. १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी हृद्‌शूलावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. स्फोटकांच्या कारखान्यांतील कामगारांचे डोके रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी हटकून दुखत असे, कारण आठवडाभरात शरीराला या द्रव्याची झालेली सवय एका दिवसात मोडे. याच कारणाने आजही नायट्रेट नियमित घेणाऱ्यास दिवसाचे काही तास औषधविरहित ठेवतात.

कार्य

शरीरात या औषधापासून नायट्रिक ऑक्साइड निर्माण होते व रक्तवाहिन्या, विशेषतः नीला, सैलावतात. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, त्याचे श्रम कमी होतात आणि कळ थांबते. गोळी गिळल्यास बराचसा अंश यकृतात नष्ट होतो. जिभेखाली ठेवल्यास काही मिनिटांत गुण येतो.

हृदयविकाराचा झटका

ही गोळी रक्ताची गुठळी विरघळवत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. १९९५ च्या ‘आयसिस-४’ चाचणीत नायट्रेटच्या सरसकट वापराने मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. याउलट ॲस्पिरिन व स्ट्रेप्टोकायनेज यांनी मृत्यू घटतात, हे १९८८ च्या ‘आयसिस-२’ने दाखविले होते. त्यामुळे गोळीनंतरही कळ न थांबल्यास घरी वाट पाहणे घातक ठरते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे; जुळे सोलापूरसारख्या शहरी वसाहतीतही शेजाऱ्याची गोळी मागण्याआधी तो क्रमांक फिरविणे श्रेयस्कर.

धोके

रक्तदाब आधीच कमी असल्यास, तसेच हृदयाच्या उजव्या जवनिकेला झटक्याची इजा झाली असल्यास हे औषध टाळतात. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतलेल्या रुग्णाचा रक्तदाब याने प्राणघातक पातळीपर्यंत उतरू शकतो; ही माहिती संकोचामुळे डॉक्टरांपासून लपविली जाते, असा अनुभव आहे. डोकेदुखी व घेरी हे नेहमीचे दुष्परिणाम होत. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडील उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटलेले असताना घेरीचा संभव वाढतो, म्हणून गोळी बसूनच घ्यावी.