परवाना, ऑपरेटिंग सिस्टिमचा : सुटा आणि संलग्न

विंडोजचा परवाना घरगुती ग्राहकाकडे मुख्यतः दोन वाटांनी येतो. नव्या संगणकासोबतचा संलग्न (ओईएम) परवाना त्याच यंत्राच्या मदरबोर्डशी जखडलेला असतो; सुटा विकत घेतलेला परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो, मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. केवळ आवृत्ती वाढवायची असेल, तर सुट्या परवान्याला पैसे मोजण्याचे कारण बहुधा नसते. विंडोज १० वरून ११ वर जाणे दोन्ही परवान्यांवर मोफत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी १० चा नियमित आधार संपला, तेव्हा अनेकांची वाट अडवली ती परवान्याने नव्हे, तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेल्या यंत्राने. सुट्याची जादा किंमत वसूल होते ती स्वतः संगणक जुळवणाऱ्याची, मदरबोर्ड बदलणाऱ्याची.

कायद्यापुढे हा भेद टिकत नाही, असा एक आक्षेप आहे. यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात (३ जुलै २०१२) युरोपीय न्यायालयाने कायम वापरासाठी विकलेल्या प्रतीची पुनर्विक्री वैध ठरवली. पण विकण्याचा हक्क मिळाला म्हणून नव्या मदरबोर्डवर सक्रियीकरण होतेच असे नाही, आणि ग्राहकाची खरी अडचण तिथेच आहे.

संस्थांचा हिशेब निराळा; तिथे परवान्याच्या किमतीबरोबर इतरांशी होणारी देवाणघेवाणही मोजावी लागते. ब्रिटनमधील ब्रिस्टल नगर परिषदेने २००५ च्या सुमारास खर्च वाचवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी स्टारऑफिस घेतले. पुढे इतर संस्थांशी कागदपत्रांची देवाणघेवाण जड जाऊ लागली आणि परिषद मायक्रोसॉफ्टकडे परतली.