न दिसणारी डागडुजी

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांना त्याचे पाणी मिळते. याच तालुक्यात नवेगावबांधचा जुना तलावही आहे. धरण होण्याच्या कितीतरी आधी या मुलखातील कोहळी समाजाने असे असंख्य तलाव बांधले. तलाव टिकत असे तो वर्षावर्षाच्या डागडुजीने. गाळ काढायचा, पाळीवर माती टाकायची, पाणी सोडण्याची तोंडे मोकळी ठेवायची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव सरकारचे झाले. पण दरवर्षीची डागडुजी कोणी करायची, हा प्रश्न उरला आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. तलाव कोणी बांधला ते गाव सांगते. गाळ कोणी काढला ते कोणी सांगत नाही.

संगणकाचा इतिहासही असाच लिहिला जातो. कोणते यंत्र केव्हा बसवले आणि ते किती वेगवान होते, हे नोंदले जाते. ते चालू कसे राहिले, हे सहसा नोंदले जात नाही. या लेखात आम्ही ही दुसरी बाजू पाहणार आहोत. तिचा इटियाडोहशी संबंध दूरचा नाही. धानाची रोवणी पावसावर अवलंबून असते आणि पावसाच्या अंदाजासाठी लागणारी प्रचंड आकडेमोड पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील महासंगणकांवर होते. तेथे २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्का’ हा महासंगणक देशाला अर्पण झाला.

असे यंत्र म्हणजे एकच मोठा संगणक नव्हे. चपट्या पट्टीसारखे हजारो संगणक कपाटांत शेजारी शेजारी खोचलेले असतात. या पट्टीला ‘ब्लेड’, म्हणजे पाते म्हणतात. वीज, पंखे आणि तारा पेटीत सामाईक असतात. प्रत्येक पात्यावर मात्र स्वतःचे प्रक्रियक आणि स्वतःची स्मृती असते. अशी पाती २००१ च्या सुमारास बाजारात आली.

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधले

संगणक सुरू झाला की कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, कामाला लागते हे आपण मुलांना शिकवतो. पण त्याआधी कोणीतरी स्मृती तपासते, तबकडी जागी करते, पंखा फिरवते. हे काम चिपमध्येच साठवलेल्या छोट्या आज्ञावल्या करतात. त्यांना फर्मवेअर म्हणतात. ॲशर ऑप्लर यांनी हा शब्द १९६७ साली वापरात आणला. हार्डवेअर बदलता येत नाही, सॉफ्टवेअर सहज बदलता येते. हे त्या दोहोंच्या मधले.

कल्पना त्याहून जुनी आहे. प्रक्रियकाच्या आतल्या बारीक हालचालीही आज्ञांच्या रूपात लिहून ठेवता येतील, असे केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली सुचवले. आयबीएम कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या ‘सिस्टिम ३६०’ मालिकेतील बहुतेक यंत्रांत ती प्रत्यक्षात आली. पुढच्या ‘३७०’ मालिकेत या आज्ञा यंत्र सुरू करताना बाहेरून भरण्याची सोय हवी होती आणि सुधारलेल्या आज्ञा गिऱ्हाइकांना टपालाने पाठवता यायला हव्या होत्या. त्यासाठी १९७१ साली आठ इंच व्यासाची लवचिक तबकडी आली. आपल्या शाळांतून पुढे वर्षानुवर्षे वापरलेली फ्लॉपी जन्मली ती अशी, डागडुजीसाठी.

ही सोय नसली तर काय होते, हे १९९४ साली दिसले. इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकात भागाकाराची एक चूक निघाली. ती बाहेरून दुरुस्त करता येत नव्हती. कंपनीला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७ कोटी ५० लाख डॉलर खर्ची टाकावे लागले. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रक्रियकाच्या आतल्या आज्ञा नंतरही बदलता येऊ लागल्या. मात्र दुरुस्ती शक्य झाली, तशी ती करत राहण्याची जबाबदारीही आली.

पुण्यातील ‘एका’

नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत पुण्याचा ‘एका’ चौथा आला. तो तेव्हा आशियात पहिला होता. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेने तो उभारला होता आणि त्याचा मोजलेला वेग सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिती क्रिया इतका होता. तो ह्यूलेट-पॅकार्डच्या पात्यांचा बनलेला होता. एका पेटीत सोळा, अशी सुमारे अठराशे पाती!

आता थोडा हिशेब करू. एका पात्यावर फर्मवेअर एके ठिकाणी नसते. यंत्र सुरू करणारी चिप, देखरेखीची चिप, तबकडीचा नियंत्रक, जाळ्याची जोडणी अशा चार-पाच जागा असतात. पाच धरल्या तर अठराशे पात्यांवर ९,००० जागा झाल्या. एका माणसाने प्रत्येकीला दहा मिनिटे दिली, तर रात्रंदिवस काम करूनही साडेबासष्ट दिवस लागतील. म्हणून प्रत्येक पात्यावर देखरेखीसाठी एक चिमुकला स्वतंत्र संगणक असतो. मुख्य पाते बंद असतानाही तो जागा असतो आणि त्याच्यामार्फत शेकडो पात्यांना एकदम नवी आज्ञावली पाठवता येते.

तरीही काम नाजूकच. आज्ञावली लिहिली जात असताना वीज गेली तर पाते मुके होऊ शकते. म्हणून चांगल्या यंत्रांत जुनी प्रतही राखतात. कार्यप्रणालीतील चालक आज्ञावल्या आणि फर्मवेअर यांची जोडी जुळावी लागते. एक बदलून दुसरे तसेच ठेवले तर यंत्र अडखळते. शिवाय सगळी पाती मिळून एकच गणित सोडवतात. एक मागे राहिले की बाकीची थांबून राहतात. म्हणून सर्वांवर एकच आवृत्ती हवी. ती आधी दोन-चार पात्यांवर चालवून पाहतात आणि मगच सर्वत्र नेतात.

ही सावधगिरी अनाठायी नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ ही प्रक्रियकांतील व्यंगे जाहीर झाली. घाईने आलेल्या दुरुस्तीमुळे काही यंत्रे आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागली आणि त्याच महिन्यात इंटेलला ती दुरुस्ती वापरू नका, असे सांगावे लागले.

३२,७६८ तास

दुरुस्ती टाळणे त्याहून धोक्याचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या ग्राहकांना इशारा दिला. काही विशिष्ट घनस्थिती तबकड्यांमधील जुने फर्मवेअर बदलले नाही, तर एकूण ३२,७६८ तास चालल्यावर तबकडी बंद पडेल आणि तिच्यातील माहिती परत मिळणार नाही. एकाच दिवशी बसवलेल्या तबकड्या जवळजवळ एकाच वेळी जातील. म्हणजे एकीची प्रत दुसरीवर ठेवण्याची नेहमीची युक्तीही निरुपयोगी!

हा आकडा फळ्यावर लिहावा. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. धन-ऋण चिन्हासह १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ आहे. तिच्यात एक मिळवला की मोजणी उलटून ऋण होते. हे तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. मुलांना हा भागाकार करू द्यावा. जुन्या मोटारीच्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रात ९९,९९९ नंतर शून्ये येतात, हे उदाहरणही सोबत देता येईल.

अंदाजाचे काम रोजचे असते. यंत्र थांबवून दुरुस्ती करावी तर तेवढा वेळ आकडेमोड थांबते. न करावी तर एखाद्या दिवशी ते आपणहून थांबते, आणि तो दिवस ऐन रोवणीचाही असू शकतो. म्हणून थांबण्याची वेळ आपण ठरवायची, ती यंत्रावर सोडायची नाही. तलावाचा गाळही उन्हाळ्यातच काढतात.

शाळेत संगणक असेल तर त्याच्या फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख मुलांकडून शोधून घ्यावी. सुरू होतानाच्या पडद्यावर किंवा यंत्राच्या माहितीत ती मिळते. तिची नोंद एका वहीत ठेवावी आणि पुढच्या वर्गाने पुढच्या वर्षी ती वही पुढे चालवावी.