नाकातली नळी

सुरतेत मजुरा गेटला सरकारी मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे, लोकांच्या तोंडी ‘नवी सिव्हिल’. उधना, लिंबायतच्या मागांवर राबणारी खान्देशी माणसं अडीअडचणीला तिथेच धाव घेतात. पोट फुगलेलं, हिरवट उलट्या, शौच बंद, वाराही सरत नाही, असा पेशंट आला की हाताला सलाईन लागतं, तोंडाने पाणीसुद्धा बंद होतं आणि नाकातून पोटात एक नळी जाते. रायल्स ट्यूब. घरच्यांना ती बघवत नाही. ऑपरेशन कधी, एवढंच ते विचारतात.

खरं तर अडलेल्या आतड्यावर ऑपरेशन हाच फार जुना उपाय आहे. सुश्रुतसंहितेत बद्धगुदोदराची शस्त्रक्रिया सांगितली आहे: बेंबीखाली डावीकडे, रोमराजीपासून, म्हणजे पोटावरच्या केसांच्या रेषेपासून, चार अंगुळं सोडून पोट उघडायचं, चार अंगुळं आतडं बाहेर काढून नीट पाहायचं, अडकलेला खडा, केस किंवा मळ काढायचा, मध-तूप लावून आतडं जागेवर ठेवायचं आणि जखम शिवायची. आधी नजरेने कारण शोधायचं, हा आग्रह मला या वर्णनात सर्वांत मोलाचा वाटतो. युरोपात तर पुढे कित्येक शतकं अशा रोग्याला पारा पाजत, वजनाने वाट मोकळी होईल या आशेने.

1846 नंतर भूल आली, 1867 पासून लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली, पोट उघडणं शक्य झालं. तरीही माणसं दगावत. पचनसंस्थेत दिवसाला सात-आठ लिटर पाचकरस पाझरतात आणि एरवी आतडं ते परत शोषून घेतं. वाट अडली की ते आत साचतात, उलटीतून जातात. रक्तातलं पाणी आणि क्षार आटतात. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्टवेल आणि होगे यांनी आतडं अडवलेल्या कुत्र्यांना सलाईन दिलं, तेव्हा ती कितीतरी जास्त दिवस जगली.

नळी आली वेगळ्याच कामासाठी. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन रायल यांनी 1921 मध्ये ती जठरातला रस तपासायला वापरली. 1930 च्या दशकात मिनेसोटाच्या ओवेन वँगेनस्टीन यांनी नाकातून घातलेल्या नळीतून आतलं सतत शोषून फुगलेलं पोट रिकामं करण्याची पद्धत रूढ केली. जुन्या ऑपरेशननंतर पोटात तयार झालेल्या चिकट पट्ट्यांनी आतडं अडलं असेल, तर पुष्कळदा एवढ्यावरच ते सुटतं. मात्र पीळ पडला असेल, हर्नियात आतडं आवळलं असेल, तर वाट बघणं जिवावर बेततं; रक्तपुरवठा तुटलेलं आतडं काही तासांत सडतं. म्हणूनच अशा वेळी घरी एरंडेल पाजणं, बेंबी सरकली म्हणून पोट चोळणं फार घातक आहे.

रायल स्वतः 1943 मध्ये ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक झाले. माणूस कुठे राहतो, काय काम करतो, काय खातो, हे आजाराच्या कारणांत मोजलं पाहिजे, असं ते सांगू लागले. मला त्यांचं हे काम नळीपेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे आतडं अडण्याचं एक नेहमीचं कारण क्षयरोग आहे. लहान आतड्याच्या शेवटी व्रण होतात, भरताना आकसतात, वाट अरुंद होत जाते. सर्जन तो भाग मोकळा करतात किंवा काढतात. पण क्षयाच्या गोळ्या पुढे निदान सहा महिने घ्याव्याच लागतात. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या, काम सुटलं की ताप्ती लाइनने नंदुरबारकडे परतणाऱ्या मजुराच्या हातात त्या गोळ्या दर महिन्याला पडतील, ही व्यवस्था सुरतेच्या सिव्हिलने आणि गावाकडच्या आरोग्य केंद्राने मिळून सांभाळायची असते.