निवडणुकीची तालीम : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

कोणत्याही कर्माचें शास्त्र दोन अंगांनीं पूर्ण होतें. कर्म यथासांग कसें करावें, हें पहिलें अंग. व तें मध्येंच बिघडल्यास काय करावें, हें दुसरें. आमच्या श्रौत ग्रंथकारांनीं दुसऱ्या अंगाची हयगय केलेली नाहीं. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेंत अग्निहोत्राच्या प्रायश्चित्तांचें प्रकरण आहे. धार काढतांना गाय खालीं बसली तर काय, दूध सांडलें तर काय, अग्नि विझला तर काय, असे प्रसंग एकामागून एक घेऊन त्यांचा निर्णय तेथें दिला आहे. ऋत्विजानें विघ्न आल्यावर पोथी शोधीत बसूं नये, उपाय त्यास आधींच मुखोद्गत असावा, हा यांतील हेतु उघड आहे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीकडे या दृष्टीनें फारसें कोणी पाहिलेलें नाहीं. मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजीं सुरू होऊन फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललें. मतदार सुमारें १७ कोटी ३२ लक्ष असून त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांस कार्यारंभींच संकटांचा अंदाज घ्यावा लागला. हिमाचल प्रदेशांतील चिनी व पांगी या भागांत मतदान सर्वांच्या आधीं उरकलें, कारण पुढें बर्फ पडून वाटा बंद होणार होत्या. याउलट, अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘तमक्याची मुलगी’ इतकेंच सांगितलें, तेव्हां सुमारें २८ लक्ष नांवें यादींतून गळलीं. जें संकट आधीं ओळखलें तें टळलें. जें ओळखलें नाहीं, त्याची किंमत मतदारांनीं भरली.

त्या वेळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असून तिजवर त्याचें चिन्ह असे. मतपत्रिका इष्ट पेटींत टाकावयाची, इतकेंच मतदाराचें काम. परंतु पडद्याआड गेलेला मतदार काय करील हें सांगतां येत नव्हतें. पेट्यांतून फुलें, नाणीं व अर्जही निघाल्याचे उल्लेख आढळतात. म्हणून मतदानापूर्वीं नमुन्याच्या निवडणुका घेऊन लोकांस व कर्मचाऱ्यांस एकदमच वळण लावण्याचा उपक्रम झाला. आमच्या मतें ही तालीम त्या निवडणुकीच्या यशाचें एक प्रमुख कारण होय.

आतां कायद्याकडे वळूं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५७ व्या कलमांत दंगा, उघड बळजोरी किंवा नैसर्गिक आपत्ति यांमुळें मतदान अडल्यास तें तहकूब करण्याची तजवीज आहे. मतपेट्या हिरावल्या किंवा नष्ट केल्या गेल्यास नव्यानें मतदान घेण्याविषयीं ५८ वें कलम आहे; आणि मतदान केंद्र बळकावण्यासंबंधींचें ५८-अ हें कलम १९८९ सालीं वाढविलें गेलें. अर्थात् प्रायश्चित्ताध्याय तयार आहे. प्रश्न आहे तो ऋत्विजाच्या तयारीचा.

याविषयीं आम्हांस स्वतःचा एक दोष नमूद करणें प्राप्त आहे. मतपत्रिकांच्या काळांत आम्ही प्रथमच केंद्राध्यक्ष झालों, तेव्हां आमचें प्रशिक्षण म्हणजे व्यासपीठावरून झालेलें पुस्तिकेचें वाचन होतें. मतदानाच्या दिवशीं एक वृद्ध बाई आल्या. त्यांच्या नांवावर कोणी आधींच मत देऊन गेलें होतें. अशा मतदाराची ओळख पटल्यास त्यास ‘प्रदत्त मत’ देतां येतें, हें आम्हीं ऐकलें होतें; परंतु दारांत रांग व प्रतिनिधींचा गलका, त्यांत तें आठवलें नाहीं. बाई निमूटपणें परत गेल्या. पुढील एका निवडणुकीच्या प्रशिक्षणांत एका वयस्क अधिकाऱ्यांनीं पुस्तिका मिटली, स्वतः मतदार होऊन आमच्यापुढें उभे राहिले व म्हणाले, “गुरुजी, माझें मत कोणी दिलें? आतां बोला.” त्या घटकाभरांत जें शिकलों तें पुन्हां विसरलों नाहीं.

हल्लीं यंत्रावर मतदान सुरू होण्यापूर्वीं उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष निदान ५० मतांचें अभिरूप मतदान होतें, निकाल ताडून पाहतात, तीं मतें पुसून मगच यंत्र मोहोरबंद करतात. यंत्राची परीक्षा घेतल्यावांचून त्यावर विश्वास ठेवूं नये, हा नियम योग्यच आहे. मनुष्याचीही अशीच परीक्षा प्रसंग उभे करून घ्यावी, असें आम्हांस वाटतें. कारण यंत्र बंद पडलें तर दुसरें आणतां येतें, पण दारांतून परत गेलेला मतदार परत येईलच असें नाहीं.

शेवटीं संशोधकांस एक विनंति. निवडणुकीचे निकाल व आंकडे जपून ठेवले जातात. परंतु प्रशिक्षणाच्या पुस्तिका, सूचनापत्रकें, केंद्राध्यक्षांच्या दैनंदिन्या व शिक्षकांनीं समासांत केलेलीं टिपणें रद्दींत जातात. राज्य कसें चाललें हें निकालांवरून कळतें. तें चालविणारीं माणसें कशी घडलीं हें या कागदांवरूनच कळेल. जुन्या शिक्षकांच्या घरीं असे कागद अद्यापि सांपडण्याचा संभव आहे. ते मिळवून त्यांची सूची करण्याचें काम वेळींच हातीं घेतलें पाहिजे.