युरेथेन चेंडू (टेनपिन बोलिंग)
पॉलियुरेथेनचे कवच असलेला बोलिंगचा चेंडू. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो प्रचारात आला. पुढील दशकात रिॲक्टिव्ह रेझिनच्या चेंडूंनी त्याला मागे टाकले, तरी आखूड तेलपट्टीवर त्याचे महत्त्व टिकून आहे.

फाउल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतची लेन ६० फूट असते. तेल साधारण ३५ फूट किंवा त्याहून कमी अंतरापर्यंत लावले, तर पट्टी आखूड मानतात. पुढच्या २५ फूट कोरड्या लाकडावर वा सिंथेटिकवर रेझिनचा चेंडू एकदम वळून पिनांना चुकवतो. युरेथेन आधीच पकड घेतो आणि संथ, सलग कमानीत वळतो. पट्टीच्या फुटांतील लांबीतून ३१ वजा केले की लेनच्या कितव्या उभ्या फळीवरून चेंडू वळावा, ते अदमासे कळते : ३५ फुटांसाठी कडेपासून चौथी. हा ठोकताळाच, नियम नव्हे.

युरेथेन तेल फारसे शोषत नाही, पुढे ढकलतो. त्यामुळे काही फेऱ्यांनंतर तोच चेंडू वळेनासा होतो. निवडताना नवखे खेळाडू नेमके हेच विसरतात. कवचाचा कठीणपणाही पाहावा. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने २०२२ मध्ये ‘पर्पल हॅमर’ या युरेथेन चेंडूचे २०१६-१७ मधील नग ठरलेल्या मर्यादेपेक्षा मऊ आढळल्याने राष्ट्रीय स्पर्धांतून वगळले.

नवी मुंबईसारख्या शहरांत हा खेळ मुख्यतः मॉलमधल्या मनोरंजन केंद्रांत भेटतो. तेथे मिळणारे सामायिक चेंडू बहुधा प्लॅस्टिकचे असतात आणि जवळजवळ सरळच जातात. तेव्हा युरेथेनचा विचार स्वतःच्या बोटांच्या मापाने छिद्रे पाडून घेणाऱ्यानेच करावा.