फरसबंदीची निगा : पाषाण, चुना आणि शहाबादी

बीड जिल्ह्यातील देवळांच्या, वाड्यांच्या आणि घाटांच्या फरसबंदीची निगा कशी राखायची, हे दोन गोष्टींवर ठरत आले आहे : दगड कोणता आणि दोन दगडांमधली दरज कशाची.

बालाघाटाचा हा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. चालुक्य-यादव काळात पाषाण टाकीने घडवून, चुन्याविना एकमेकांत घट्ट बसवत. बीडमधील कुंडाच्या मधोमध उभे असलेले कंकालेश्वर मंदिर याच परंपरेतले. अशा फरसबंदीला खराटा आणि पाणी पुरते. पावसाळा सरला की शेवाळ खरवडायचे आणि सांध्यांतली रोपे उपटायची. पिंपळाचे रोप वरवर छाटले तर मूळ आत जाड होत जाते आणि शेवटी चिरा उचलतो. म्हणून ते कोवळे असतानाच मुळासकट काढावे लागते.

पुढे चुना आला. बीडजवळची खजाना विहीर १५८२ मध्ये, मुर्तझा निजामशहाच्या राजवटीत झाली. तोवर दख्खनच्या बांधकामात चुना रुळला होता. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी परळी वैजनाथच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. अशा कामांसाठी भाजलेली चुनखडी पाण्यात विरवून, वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळत आणि तो चुना दरजांत भरत. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू कडक होतो. मात्र आम्लाने विरघळतो. पूजेची भांडी चिंचेने घासून ते पाणी फरशीवरच सोडले, तर पाषाण तसाच राहतो, पण दरज पोकळ होते. त्यामुळे नव्या चुन्याने दरजा भरणे हेही निगेचेच काम झाले.

१८७१ मध्ये मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरला जोडला गेला. या मार्गावरील शहाबादची सपाट, करडी फरशी दूरवर जाऊ लागली. १९५६ पर्यंत बीड आणि शहाबाद ज्यात येते तो गुलबर्गा, हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. संडास-न्हाणीत वापरतात ते ॲसिड तिच्यावर पडताच फेसाळते आणि वरची झिलई कायमची जाते. तिला साधे पाणी, सौम्य साबण आणि काथ्याच बरा. तेलाच्या डागावर चुन्याची निवळी न ओतता कोरडी माती पसरून तेल शोषून घ्यावे.

सिमेंट आल्यावर जुन्या दरजाही त्यानेच भरल्या जाऊ लागल्या. सिमेंटमधून ओल सहज बाहेर पडत नाही. ती दगडातून वाट काढते, सोबत क्षार आणते आणि दगडाला लोणा लागून पापुद्रे सुटतात. म्हणून दरजेतला माल दगडापेक्षा मऊ असावा, असा जतनाचा नियम आहे. झिजायचे ते दरजेने झिजावे. ती पुन्हा भरता येते, घडीव चिरा मात्र पूर्ववत होत नाही.