एका कणावर भागवलेली बॅटरी

सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली १९९१ साली. आणि तिच्या आत काय चालतं याचं जे गणित आज जगभर वापरलं जातं, ते छापून आलं दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये. डॉइल, फुलर आणि बर्कलीचे जॉन न्यूमन यांचा तो लेख. पाया मात्र जुना होता, सच्छिद्र इलेक्ट्रोडचा सिद्धांत न्यूमन आणि टिडेमन यांनी १९७५ मध्येच मांडला होता.

आता हे गणित म्हणजे काय बघा. इलेक्ट्रोड ही भरीव पट्टी नाही, तो बारीक कणांचा थर आहे आणि कणांच्या फटींत इलेक्ट्रोलाइट मुरलेलं आहे. थराच्या जाडीत ठिकठिकाणी एकेक गोल कण कल्पायचा आणि प्रत्येकाच्या पोटात लिथियम कसं सरकतं ते सोडवायचं. समजा जाडीत पन्नास ठिकाणं घेतली, प्रत्येक कणाचे वीस थर पाडले. झाल्या की हजार संख्या, त्याही एकमेकींत गुंतलेल्या! गाडीतल्या चिमुकल्या चिपला हे ओझं कसं पेलणार?

मग लोकांनी काय केलं, तर सगळे कण सारखेच वागतात असं धरलं आणि एकच कण सोडवला. गंमत म्हणजे एकेका कणातल्या विसरणाचा हिशेब अॅटलंग, वेस्ट आणि याकोबसेन यांनी १९७९ मध्येच केला होता. म्हणजे सोपं रूप अवघड रूपाच्या आधीचं. पुढे २००५ मध्ये सुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी कणाच्या आतली समीकरणंही बहुपदींनी हलकी केली.

विद्युतप्रवाह कमी असेल तर एका कणावर छान भागतं. पण जलद चार्जिंग करा, की इलेक्ट्रोलाइटमध्ये एकीकडे दाटी, दुसरीकडे टंचाई होते, आणि सगळे कण सारखे राहत नाहीत. नुसत्या एका कणाला याचा पत्ताच नसतो. म्हणून इलेक्ट्रोलाइटची दुरुस्ती जोडलेली रूपं आली. माझ्या मते त्यांतलं सर्वांत प्रामाणिक काम २०१९ चं. मार्क्विस, सुल्झर, टिम्स, प्लीझ आणि चॅपमन यांनी मूळ समीकरणांतूनच पद्धतशीर उतरत ती दुरुस्ती काढली. त्यामुळे काय गाळलं आणि ते कधी चालेल, हे दोन्ही कळतं.

हा नुसता नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही हो. जलद चार्जिंगमध्ये ऋण इलेक्ट्रोडवर धातुरूप लिथियम साचू लागतं, आणि ते आधी साचण्याचा धोका असतो सेपरेटरच्या बाजूला. 'सगळे कण सारखे' म्हटलं, की नेमकी ती बाजूच कागदावरून पुसली जाते.